समोरच्या भिडूला बोलू नये

मे महिन्याच्या सुटीत दुपारची जेवणे आटोपली, की आमच्या माजघरात सतरंजी पडायची आणि मेंढीकोटाचा डाव बसायचा. चौघे जण, समोरासमोरचे भिडू. कुणी खाकरले की हातात इस्पिक आहे असे समजायचे, कानाची पाळी ओढली की बदाम, नाक खाजवले की किलवर. चौकटीची खूण ठरवायची दर वेळी राहून जायची, त्यामुळे चौकट हुकूम झाली की पंचाईत. आजोबा झोपाळ्यावरून हे सगळे पाहत असत. त्यांचा नियम एकच होता. पत्ते हातात असेपर्यंत तोंड बंद ठेवायचे आणि डाव संपल्यावर भिडूला बोल लावायचा नाही. नियमाचा पहिला अर्धा आम्हाला पाळता येत नसे आणि दुसरा तर खुळचटपणाचा वाटे. भिडूने हातातली मेंढी फुकट घालवली आणि त्याला चार शब्द सुनवायचेही नाहीत, तर मग खेळायचे कशाला?

तिशी ओलांडल्यावर ब्रिज शिकलो. सौ.ही माझ्याबरोबरच शिकली. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघे क्लबात भिडू म्हणून बसत असू. एका गुरुवारी तिने चुकीचे पान टाकले आणि हातात आलेला डाव गेला. मी तिला एक वाक्य बोललो. ते इथे लिहीत नाही. आवाज चढलेला नव्हता, शब्दही तसे सभ्यच होते; पण टेबलावर आणखी दोन माणसे होती. ती काही बोलली नाही. उरलेले डाव नीट खेळली, घरी येऊन दुसऱ्या दिवशीची भाजी निवडत बसली. पुढच्या गुरुवारी ती दुसऱ्या एका बाईंच्या समोर जाऊन बसली. त्याला आता बावीस वर्षे झाली. आम्ही दोघेही अजून ब्रिज खेळतो, समोरासमोर मात्र नाही.

एली कल्बर्टसन या माणसाच्या आयुष्याकडे मी वळलो तो त्यानंतर. ब्रिज घराघरांत नेणारा हा माणूस. १९३० च्या दशकात अमेरिकेत त्याचे नाव ठाऊक नाही असे घर विरळा. आज ब्रिजच्या क्लबाबाहेर ते फारसे कुणी घेत नाही. त्याच्या आयुष्यात पैसा आहे, तुरुंग आहे, क्रांती आहे, एक खूनखटलाही आहे. पण मला त्यात सारखे एकच दिसत राहिले : पत्त्यांच्या टेबलावर कोण कुणाला काय बोलले आणि त्याचे पुढे काय झाले.

ज्यांनी ब्रिज पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चौघे खेळतात, समोरासमोरचे दोघे भिडू. आधी बोली होते, म्हणजे किती हात करणार आणि हुकूम कोणता हे चढाओढीने ठरते. मग ज्याची बोली टिकली त्याचा भिडू आपली तेराही पाने टेबलावर उघडी मांडून गप्प बसतो. त्याला डमी म्हणतात. बोलीच्या वेळी तोंडातून काढायला परवानगी असलेले शब्द इनमीन पंधरा. एक ते सात आकडे, चार रंग आणि नो ट्रम्प, शिवाय पास, डबल, रीडबल. भिडूला जे काही सांगायचे ते या पंधरा शब्दांतच सांगायचे. ते कोणत्या आवाजात म्हटले, किती वेळ थांबून म्हटले, म्हणताना भुवई उडाली का, यातून काही कळवणे म्हणजे लबाडी. कळवायचे नव्हते, पण कळून गेले, तर भिडूने त्याचा फायदा घ्यायचा नाही. आमच्या माजघरातल्या खाकरण्याला इथे थेट बाहेरची वाट.

पोकरचे तसे नाही. तिथे प्रत्येक जण एकटा. बोलणे हेच तिथले एक हत्यार. समोरच्याला बोलते करून त्याच्या चेहऱ्यावरचे वाचायचे. तरीही स्पर्धेतल्या पोकरमध्ये तोंडाला लगाम आहेच. डाव चालू असताना आपल्या हातात काय आहे किंवा आपण काय टाकून दिले ते सांगायचे नाही, दुसऱ्याला सल्ला द्यायचा नाही, त्याच्या खेळावर टीका करायची नाही. एका हाताचा खेळाडू एकच. ब्रिजमध्ये मात्र समोर आपलेच माणूस बसलेले असते, आणि आपल्या माणसापुढे तोंड आवरणे परक्यापुढे आवरण्यापेक्षा फार कठीण. हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

कल्बर्टसनचा जन्म २२ जुलै १८९१ चा, रुमानियातला. वडील अमेरिकन खाण-अभियंता, आई रशियन, कोसॅक घराण्यातली. वडिलांनी कॉकेशसमधल्या तेलावर चांगला पैसा मिळवला. मुलगा अनेक देशांत वाढला, अनेक भाषा बोलू लागला. अमेरिकेत येल आणि कॉर्नेल, मग पॅरिस आणि जिनिव्हा अशी विद्यापीठे त्याने पाहिली, पण कुठे टिकला नाही. तरुणपणी रशियातल्या क्रांतिकारकांच्या नादी लागून तुरुंगात गेला. तिथे फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्यांबरोबर आपण पत्ते खेळत होतो, असे त्याने आत्मचरित्रात लिहिले आहे. १९४० साली आलेले हे आत्मचरित्र वाचताना मीठ जवळ ठेवावे. स्वतःची गोष्ट रंगवून सांगण्यात हा गृहस्थ कधी कमी पडला नाही. मात्र १९१७ च्या क्रांतीत घरचा सगळा पैसा बुडाला, हे खरे. त्यानंतर पॅरिसमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये तो पत्त्यांवर पोट भरू लागला.

न्यूयॉर्कच्या क्लबांत त्याला जोसेफीन भेटली. ती पत्त्यांची शिकवणी घेत असे, आणि त्या काळात पुरुषांच्या बरोबरीने खेळणारी बाई म्हणून तिचे नाव झालेले होते. तिचे आधी एक लग्न होऊन गेले होते. १९२३ साली या दोघांनी लग्न केले. हा कफल्लक, बोलघेवडा, रात्री जागणारा. ती शांत, नेटकी. टेबलावर ती क्वचितच बोले. हा मात्र गप्प बसायचा नियम असलेल्या खेळात जितके म्हणून बोलता येईल तितके बोलून घेई.

१९२५ साली हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्ट या धनिकाने आगबोटीच्या प्रवासात कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत बसवली आणि जुना ऑक्शन ब्रिज बघता बघता मागे पडला. नव्या खेळात बोलीला सोन्याचा भाव आला. जितकी बोली केली तितकेच पदरात. नुसते हात जास्त करून भागत नाही. म्हणजे भिडूंमध्ये एक भाषा हवी. कल्बर्टसनने ती तयार केली, आणि तीही अशी की शाळामास्तराला, दुकानदाराला, गृहिणीला पाठ करता यावी. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याने ब्रिज वर्ल्ड हे मासिक काढले, १९३० मध्ये ब्लू बुक हे पुस्तक. त्याच वर्षी लंडनला जाऊन कर्नल बुलर यांच्या संघाला दोनशे डावांत ४,८४५ गुणांनी हरवून आला. जोसेफीन संघात होतीच. पुस्तक हातोहात खपू लागले.

मासिकाचा पहिला अंक आला, त्याच्या थोडेच आधी, २९ सप्टेंबर १९२९ च्या रविवारी, कॅन्सस सिटीत एक प्रकार घडला होता. जॉन बेनेट हा अत्तरे-सुगंध विकणाऱ्या कंपनीचा विक्रेता आणि त्याची बायको मर्टल शेजारच्या जोडप्याबरोबर ब्रिज खेळत बसले होते. नवऱ्याने इस्पिकाची बोली केली, बायकोने ती चारपर्यंत नेली. तो हरला. तिने त्याच्या खेळाबद्दल पाहुण्यांदेखत एक तुच्छतेचा शेरा मारला. त्याने टेबलावरून हात टाकून तिच्या थोबाडीत मारल्या आणि घर सोडून जातो म्हणून सामान भरायला घेतले. तिने आतून पिस्तूल आणले. नवरा जागीच गेला. १९३१ मध्ये खटला चालला, माजी सिनेटर जेम्स रीड यांनी तिचा बचाव केला आणि ती निर्दोष सुटली.

या खटल्याने अमेरिका हादरली, पण ब्रिज खेळणाऱ्यांना त्यात आणखी काही दिसले. प्रत्येक घरात रात्री अकरा वाजता जे होता होता राहते, ते इथे झाले होते. कल्बर्टसनने या प्रकरणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. त्या डावाची पाने कशी होती हे कुणालाच नीट आठवत नव्हते, तरी एक मांडणी छापून आली. नवऱ्याने बोली जास्त केली, किंवा अमुक पान आधी खेळला असता तर डाव झाला असता आणि जीव वाचला असता, अशा थाटाचे विवेचनही रंगले. एका माणसाच्या मृत्यूवर स्वतःची पद्धत खपवणे मला अजूनही खटकते. पण या विवेचनातला मोठा दोष निराळाच आहे. चूक पानात नव्हती. डाव हरल्यावर जे तोंडातून गेले आणि त्यावर जो हात उठला, त्याला कुठल्याही पद्धतीत बोली नाही.

१९३१ च्या उन्हाळ्यात जुनी मंडळी कल्बर्टसनविरुद्ध एकवटली. सिडनी लेन्झ, मिल्टन वर्क वगैरे नामवंतांनी मिळून स्वतःची वेगळी पद्धत जाहीर केली. त्यावर कल्बर्टसनने लेन्झला जाहीर आव्हान दिले. दीडशे रबर खेळू. माझे पाच हजार डॉलर, तुमचे एक हजार, आणि पैसे धर्मादायाला. लेन्झ वयाने मोठे, अदबशीर गृहस्थ. हौशी जादूगारही होते; पत्त्यांवर हात इतका बसलेला, की कुणाला शंका नको म्हणून मोठ्या पैशाने खेळत नसत. भिडू म्हणून त्यांनी ऑस्वल्ड जॅकोबी हा तरणा पोरगा घेतला. सामना ७ डिसेंबर १९३१ ला सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी जॅकोबीला एकोणतिसावे वर्ष पूर्ण झाले.

पहिला अर्धा सामना न्यूयॉर्कच्या चॅथम हॉटेलात, कल्बर्टसन दांपत्याच्याच बिऱ्हाडी, दुसरा वॉल्डॉर्फ-ॲस्टोरियात. मंदीचे दिवस, माणसे भाकरीच्या रांगेत उभी, आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर मात्र चौघांचे पत्ते. खेळाडूंभोवती पडदे उभे केले होते आणि वार्ताहर पाय न वाजवता येऊन फटीतून डोकावत. पंच होते लेफ्टनंट आल्फ्रेड ग्रुएन्थर, लष्करी अकादमीतले शिक्षक. हेच पुढे नाटोचे सरसेनापती झाले. दोन महासत्तांमधले हेवेदावे सांभाळायची तालीम त्यांना इथेच मिळाली असावी, असा माझा आपला तर्क.

कारण कल्बर्टसनने या सामन्यात शिष्टाचाराची परीक्षाच पाहिली. तो उशिरा येई. एकेका पानावर विचार करत इतका वेळ लावी, की समोरच्याने जांभई द्यावी. जेवण टेबलावरच मागवी आणि खेळता खेळता जेवी. पत्ते तेलकट होतात म्हणून लेन्झ कुरकुरत. बोलण्यात टोचणी असेच. नियमाचे पुस्तक उघडून पाहिले तर यातले बहुतेक त्यात न बसणारे. पण घरच्या पंगतीत कुणी असे वागले तर वाढणारी बाई पुन्हा त्या पानाकडे फिरकणार नाही. सुरुवातीला लेन्झ-जॅकोबी गुणांत पुढे होते. हळूहळू तराजू फिरला.

हा सामना कल्बर्टसनने लेन्झना चिडवून जिंकला, असे पुष्कळ जण सांगतात. मला ते अर्धेच पटते. चिडलेल्या माणसाचा राग क्वचितच चिडवणाऱ्यावर निघतो. तो हाताशी असलेल्या आपल्या माणसावर निघतो. जॅकोबीला धाडसी बोलीची आवड होती. हातात नसलेले आहे असे भासवून प्रतिपक्षाला चकवायचे, हा त्याचा खेळ. लेन्झना तो मानवत नव्हता. रोजचे डाव दुसऱ्या दिवशी देशभर छापून येत, म्हणजे भिडूची प्रत्येक चूक आपल्याही नावावर लाखो लोक वाचणार. लेन्झ टेबलावरच जॅकोबीला बोलू लागले. १०३ रबर झाल्यावर, डिसेंबरअखेरीस, जॅकोबी उठला तो परत बसला नाही. त्याच्या जागी निवृत्त नौदल अधिकारी विनफील्ड लिगेट आले. ८ जानेवारी १९३२ ला सामना संपला तेव्हा कल्बर्टसनची बाजू ८,९८० गुणांनी पुढे होती. दीडशे रबरांच्या मानाने हे अंतर फार नाही.

आता पडद्याच्या या बाजूला पाहा. कल्बर्टसननेही सगळे रबर बायकोबरोबर खेळलेले नव्हते. थिओडोर लाइटनर आणि आणखी काही जण त्याचे भिडू म्हणून बसले. पण लोकांच्या डोळ्यांपुढे राहिले ते नवरा-बायकोच. समोरासमोर बसून, न भांडता, साऱ्या देशाला हरवणारे जोडपे. कॅन्सस सिटीची बातमी अजून ताजी असताना या चित्राला किती किंमत आली असेल! हजारो घरांत नवरा-बायको तेच पुस्तक मधे ठेवून बसू लागले. आणि एक गोष्ट त्याच्या पदरात टाकलीच पाहिजे : बाई आणि पुरुष एकाच टेबलावर बरोबरीने खेळतात आणि तिची बोली तो मान खाली घालून ऐकतो, हे त्याने जगाला दाखवले. त्या काळी तसे खेळ फार नव्हते.

टेबलाबाहेर मात्र गप्प राहणे या माणसाला जमले नाही. पैसा आला, मोठे घर आले, दोन मुले होती. पण त्याचे चढते-उतरते लहरी वागणे जोसेफीनने किती वर्षे सोसावे? १९३७ च्या जूनमध्ये बुडापेस्टला जागतिक स्पर्धेत दोघे शेवटचे मोठे डाव एका संघातून खेळले. अंतिम सामन्यात ऑस्ट्रियाने त्यांना हरवले. १९३८ मध्ये घटस्फोट झाला. ब्रिजच्या व्यवसायात दोघांची नावे पुढेही एकत्र राहिली. घर मोडूनही धंदा टिकला याचे मला पूर्वी आश्चर्य वाटे. आता वाटत नाही. धंद्यात पंधरा शब्दांत भागते.

त्यानंतर तो पत्त्यांपासून दूर गेला आणि जागतिक शांततेच्या मागे लागला. जगाचे अकरा प्रादेशिक संघ, त्यांच्यावर एक जागतिक संघराज्य, आणि प्रत्येकाच्या ठराविक वाट्याने उभारलेले शांतिसैन्य अशी त्याची योजना होती. १९४३ साली त्यावर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिला, व्याख्याने दिली, स्वतःचा पैसा ओतला. लोक पत्तेवाल्याचे ऐकून घेत आणि हसून निघून जात. इकडे ब्रिजमध्येही चार्ल्स गोरेनची गुण मोजण्याची सोपी रीत आली आणि कल्बर्टसनची पद्धत मागे पडली. दुसरे लग्न झाले, तेही मोडले.

त्याच्या मागे टेबलावरचे मौन आणखी कडक होत गेले. बोलीचा आवाजही नको म्हणून मोठ्या स्पर्धांत बोली तोंडाने न करता छापील पट्ट्या पेटीतून काढून करतात. १९३१ साली पडदे प्रेक्षकांसाठी होते. १९७५ च्या जागतिक स्पर्धेत ते भिडूंच्या मधे आले, म्हणजे आपलाच माणूस आपल्याला दिसू नये. आणि त्याच स्पर्धेत एका इटालियन जोडीचे पाय टेबलाखाली एकमेकांना लागताना पकडले गेले. मग टेबलाखालीही आडोसा आला. वर्तमानपत्रात छापून आलेली ती हकिकत मी आजोबांना वाचून दाखवली होती. ते झोपाळ्यावर पुष्कळ वेळ हसत बसले.

जॅकोबीचे पुढे फार चांगले झाले. जगातल्या पहिल्या प्रतीच्या खेळाडूंत त्याची गणना झाली. १९४० मध्ये त्याने पोकरवर पुस्तक लिहिले. भिडू नसलेल्या खेळावर लिहावेसे त्याला का वाटले असेल, याचा अंदाज मी आपल्या मनाशी करतो. खरे कारण निराळेही असेल.

एली कल्बर्टसन २७ डिसेंबर १९५५ रोजी व्हर्माँटमधल्या ब्रॅटलबरो इथे वारला. श्वासाच्या विकाराने तो बरेच दिवस आजारी होता. तीन महिने जातात न जातात तोच, मार्च १९५६ मध्ये, जोसेफीनही गेली. १९६४ साली ब्रिजच्या सन्मान-दालनात पहिली तीन नावे लागली तेव्हा एलीचे त्यात होते. तिचे नव्हते.

हे सगळे मी सौ.ला वाचून दाखवले. लेन्झ-जॅकोबीच्या ठिकाणी तिने मला थांबवले आणि तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. मग १०३ हा आकडा बरोबर आहे ना, एवढेच विचारून ती क्लबात जायला निघाली. गुरुवार होता.